पणजीचं माहेर कसं शोधायचं: एकोणिसाव्या शतकातल्या बाईच्या संसाराचा कागदोपत्री माग

घराण्याची वंशावळ लावायला घेतलेली मंडळी पुरुषांची सात-आठ पिढ्यांची साखळी हौसेने पुरी करतात आणि बायकांच्या चौकटीत ‘पत्नी – लक्ष्मीबाई’ एवढं लिहून पुढे जातात. तिचं माहेर कुठलं, लग्न कधी झालं, मुलं किती झाली आणि किती जगली, आधी नवरा गेला की ती, यातलं काहीच येत नाही. विचारलं तर ‘बायकांच्या नोंदी ठेवतच नव्हते’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. नोंदी आहेत. त्या तिच्या नावाखाली लावलेल्या नाहीत, एवढंच.

त्या काळात बाईचं नाव कागदावर चढायचं ते काहीतरी घडल्यामुळे. नवरा वारला, मुलगा अज्ञान (अल्पवयीन) राहिला, दत्तक घ्यावा लागला, पोटगीचा वाद झाला, काशीयात्रा झाली. म्हणून शोध नावाचा नव्हे, प्रसंगाचा घ्यायचा: कोणता प्रसंग, त्याचा कागद कोणत्या कचेरीत, आणि तो कुणाच्या नावाखाली. जवळजवळ नेहमी तो नवऱ्याच्या, मुलाच्या किंवा भावाच्या नावाखाली असतो. खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. पहिल्या तीन पायऱ्या वगळून थेट नाशिकला तीर्थोपाध्यांच्या वह्या पाहायला किंवा तहसील कचेरीत जाणारे बहुतेक जण रिकाम्या हाताने परततात.

## १. घर सोडण्याआधीची तयारी

एका वेळी एकच बाई निवडा. ‘आईकडच्या सगळ्या बायका’ असा शोध कधीच पुरा होत नाही. कोऱ्या पानावर मधोमध तिचं नाव लिहा आणि भोवती सहा जागा ठेवा: वडील, भाऊ, नवरा, सासरा, मुलगे, जावई. या सहा जागांपैकी किमान तीन भरल्याशिवाय बाहेर पडायचं नाही.

घरातल्या वयस्क बायकांना आधी विचारा, पुरुषांना नंतर. प्रश्न मात्र नीट निवडा. ‘पणजीच्या आईचं नाव काय’ असं थेट विचारलं की ‘आठवत नाही गं’ म्हणून विषय संपतो. त्याऐवजी विचारा: आजीचं आजोळ कुठलं? सुट्टीत कुठे जायचे? भाऊबीजेला कोण यायचं? बाळंतपणं कुठे झाली? कुणाशी सोयरसंबंध नव्याने केला नाही, ‘आधीच आहे’ म्हणून? मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्यामुळे थोरल्या मुलाचं जन्मगाव हा माहेराचा चांगला धागा असतो. थोरल्याचं जन्मगाव वेगळं आणि धाकट्यांचं सासरचंच असेल, तर ते वेगळं गाव आधी तपासा.

मग घरातल्या वस्तू पाहा. पितळी हंडे-कळशांवर, तांब्याच्या घंगाळावर कोरलेली नावं वाचा. लग्नात माहेरहून आलेल्या भांड्यांवर अनेकदा देणाऱ्याचं नाव असतं. काठाखाली आणि बुडावर दोन्हीकडे बघा. कल्हईच्या पुटाखाली अक्षर बुजलेलं असेल तर घासू नका. तिरका उजेड पाडून फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात.

श्राद्धपक्षाच्या चाली हा सगळ्यांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा पुरावा. ज्या घरात तर्पण होतं तिथे आई, आजी, पणजी यांची नावं गोत्रासह उच्चारली जातात, आणि आईच्या वडिलांची बाजूही घेतली जाते. ती यादी वडील माणसांच्या तोंडी किंवा पोथीच्या शेवटच्या पानावर असते. वार्षिक श्राद्धाची तिथी म्हणजे मृत्यूची तिथी. वर्ष नसलं तरी महिना आणि पक्ष हाती येतो. घरात भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, पान वाढत असतील, तर त्या घरातली कुणीतरी बाई नवरा जिवंत असताना गेली आहे. ती कोण, हे विचारा. त्या एका उत्तरातून पुष्कळदा घरातल्या पहिल्या बायकोचा पत्ता लागतो, जिचं नाव वंशावळीत कधी आलेलंच नसतं.

पुढे जाण्याआधी तपासा: नवऱ्याचं पूर्ण नाव, त्याचं मूळ गाव आणि किमान एका मुलाचा अंदाजे जन्मकाळ हाती आहे का? नसेल तर अजून घरातच थांबा.

## २. तिच्या सगळ्या नावांचा तक्ता

सर्वांत जास्त शोध इथे बुडतात. एकाच बाईची तीन-चार नावं सहज असतात: पत्रिकेतलं नावरसाचं, पाळण्यातलं, घरात हाक मारायचं आणि लग्नात ठेवलेलं. तेव्हा माहेरच्या कागदात एक नाव आणि सासरच्या कागदात दुसरं सापडलं, तर ‘ही वेगळी बाई’ असा निष्कर्ष लगेच काढू नका.

सर्वांना ठाऊक असलेली उदाहरणं घ्या. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे माहेरच्या कुर्लेकर, आणि त्याही यमुनाच. आनंदीबाईंचं तर माहेरचं आडनावही जोशी आणि सासरचंही जोशी. अशा ठिकाणी ‘आडनाव एकच, म्हणजे ही मुलगी असणार, सून नव्हे’ असा तर्क करणारा सरळ खड्ड्यात जातो. धोंडो केशव कर्वे यांच्या दुसऱ्या पत्नीचा माग काढायचा तर तीन आडनावं हाती हवीत: माहेरच्या जोशी, पहिल्या लग्नाने नातू, १८९३ च्या पुनर्विवाहाने कर्वे. नावही गोदूबाईचं आनंदीबाई झालं.

म्हणून कोरा तक्ता करा: माहेरचं नाव, सासरचं नाव, हाकेचं नाव, प्रत्येक नाव कोणत्या कागदात मिळालं, आणि कधीचं. रिकामी घरं रिकामीच ठेवा. नाव बदलण्याची रीत सगळ्या जातींत आणि सगळ्या घरांत सारखी नव्हती, त्यामुळे ते बदललं असणारच किंवा नसणारच असं गृहीत धरून घरं भरू नका.

नावाआधीचं उपपद कधीही गाळू नका. ‘सौ.’ असेल तर त्या दिवशी नवरा हयात, ‘गं. भा.’ असेल तर वारलेला. दोन तारखांच्या कागदांपैकी आधीच्यात सौ. आणि नंतरच्यात गं. भा. असेल, तर नवऱ्याच्या मृत्यूचा काळ तुम्ही दोन बाजूंनी बांधला. हा तपशील नक्कल उतरवताना लोक सोडून देतात आणि मग तोच कागद बघायला पुन्हा प्रवास करतात.

## ३. सन आणि लिपी

जुन्या कागदावर इसवी सन क्वचितच असतो. नियम थोडे आहेत, पण कागदावर लिहून जवळ ठेवा.

शकात ७८ मिळवा. जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या तारखांना ७९. दख्खनच्या फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवा, कारण ते वर्ष जूनमध्ये पालटतं. सुहूर सनात ५९९ किंवा ६००. विक्रम संवतातून ५७ वजा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ५६.

संवत्सराचं नाव ही तुमची पडताळणी. साठ नावांचं चक्र आहे, शके १७८९ (इ. स. १८६७-६८) हा प्रभव. तिथून मोजलं की शके १७९८ हा दहावा, म्हणजे धाता, इ. स. १८७६-७७. कागदावर ‘शके १७९८ धातानाम संवत्सरे’ असेल तर आकडा बरोबर वाचला. ‘शके १७९८ प्रमोदनाम’ असं वाचलं गेलं, तर आकडा किंवा नाव यातलं एक चुकलं आहे. मोडीतले आकडे ओळखताना ही पडताळणी फार कामी येते.

सावधान: काशी, प्रयाग, गया इथल्या पंड्यांच्या वह्यांत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यांची आश्विन कृष्ण दशमी म्हणजे आपली भाद्रपद वद्य दशमी. घरच्या श्राद्धाची तिथी आणि तिथली नोंद यांत वद्य पक्षात बरोबर एका महिन्याचा फरक दिसला, तर नोंद चुकीची नाही.

मोडी स्वतः शिकायची की जाणकाराकडे जायचं, हे तुमच्या वेळेवर अवलंबून आहे. पण स्वतः किमान एवढं शिकाच: आपलं आडनाव, गावाचं नाव, शोधत असलेल्या बाईची नावं आणि आकडे. ही दहा-पंधरा शब्दांची ओळख असली की शे-दोनशे पानांतून कामाचं पान स्वतः काढता येतं. तेवढंच पान जाणकाराला दाखवायचं. मोडीत शब्द सलग येतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि अनुस्वार बऱ्याचदा गळतो. ‘गंगा’ ही ‘गगा’ दिसेल.

नात्याचे शब्दही आधी पाठ हवेत. बिन आणि वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. कोम, मर्द, भ्रतार, जौजे यांपैकी काही आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. आणि त्या काळच्या पत्रात ‘कुटुंब’ असं एकेरी आलं तर बहुधा ते बायकोबद्दल आहे, सगळ्या घराबद्दल नव्हे.

## ४. तीर्थोपाध्यांच्या वह्या

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या क्षेत्रोपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. कोणत्या घराण्याचे उपाध्ये कोण, हे वंशपरंपरेने ठरलेलं असतं, आणि ते गाव, आडनाव, ज्ञाती यांवरून सापडतं. जाताना मूळ गाव सांगा. आजचं राहतं शहर किंवा जिल्हा सांगून उपयोग नाही. जालना, सिंधुदुर्ग हे जिल्हे १९८१ चे, लातूर १९८२ चा. जुन्या वहीत परगणा आणि तर्फ, म्हणजे गावांचे तेव्हाचे गट, येतात.

इथली नेहमीची चूक: सासरच्या उपाध्यांकडे माहेर शोधणं. लग्नानंतर बाई नवऱ्याच्या घराण्याच्या वहीत जाते. तिच्या वडील-भावांची नोंद त्यांच्या गावाच्या उपाध्यांकडे, कदाचित त्याच घाटावर पण दुसऱ्या घरात. म्हणजे एका बाईसाठी दोन घरं गाठायची आहेत. आधी सासरचं, कारण नवऱ्याचं नाव तुमच्याकडे पक्कं आहे.

नोंदीचा साचा साधारण असा असतो: शक, संवत्सर, तिथी, आलेल्या पुरुषाचं नाव, बापाचं, आजाचं, मग बंधू, चुलते, पुत्र, आणि शेवटी मातुश्री, स्त्री, भगिनी, आत्या. बायका शेवटच्या ओळीत असतात, आणि घाईत उतरवणारे ती ओळ सोडतात. तुम्ही तिथूनच सुरुवात करा. ‘मातुश्री अमुक’ असं असेल तर त्या वर्षी आई हयात. वडिलांचं नाव बापाच्या जागी आहे पण बरोबर आलेल्यांत नाही, तर एवढ्यावरून ते वारले असं ठरवू नका. ते घरी राहिले असतील. मात्र ‘अस्थी घेऊन आले’ असं लिहिलेलं असेल तर ती मृत्यूच्या अगदी जवळची तारीख.

एकाच नोंदीवर थांबू नका. त्याच घराण्याच्या मागच्या-पुढच्या सगळ्या नोंदी उतरवा. १८७० च्या सुमाराच्या नोंदीत स्त्री म्हणून एक नाव, पुढच्या नोंदीत दुसरंच, यावरून दुसरं लग्न झाल्याचा संशय घ्यायचा. विधवा बहीण किंवा आत्या भावाबरोबर यात्रेला आलेली असते. तिचं सासरचं आडनाव लिहिलेलं असेल तर तुम्हाला एक नवं सोयरं घर मिळालं.

वही हाताळण्याची, फोटो काढण्याची परवानगी आधी मागा. दक्षिणा द्या, आणि निघताना आपली आजची नोंद लिहून या. ती लिहिताना बायकोचं, आईचं, बहिणींचं माहेर-सासर दोन्हीकडचं पूर्ण नाव लिहा.

कोल्हापूर-सांगलीकडे आणि सीमाभागात हेळवी गावोगाव येऊन घराण्यांच्या वंशावळी वाचून दाखवतात. तुमच्या गावी ते कोणत्या हंगामात येतात, हे जुन्या घरांना विचारा आणि तेव्हा गावी हजर राहा.

## ५. कुलवृत्तांत: सुरुवात म्हणून ठीक

छापील कुलवृत्तांत (एका घराण्याच्या माहितीचं पुस्तक) असेल तर पाहा, पण त्यावर शिक्कामोर्तब करू नका. ही पुस्तकं घराण्यांनी पाठवलेल्या माहितीवर तयार झालेली आहेत. ज्या शाखेने पत्रांना उत्तर दिलं ती भरगच्च, बाकीच्या रोडावलेल्या. लहानपणी गेलेली मुलं, निपुत्रिक गेलेली पहिली बायको आणि मुली हमखास गळतात. ‘प्रथम संबंध’, ‘द्वितीय संबंध’ (पहिलं, दुसरं लग्न) असे उल्लेख असतील तर नशीब समजा.

खरा उपयोग उलट्या बाजूने होतो. तुमच्या बाईचं माहेर अमुक घराणं असावं असा अंदाज आला, की त्या घराण्याचा कुलवृत्तांत काढा आणि मुलींच्या सासरची आडनावं व गावं चाळा. सासरच्या पुस्तकात तिचं माहेर नसेल, पण माहेरच्या पुस्तकात तिचं सासर असू शकतं.

## ६. जमिनीचे कागद

इथे वेळ द्या. बाई कागदावर सर्वांत ठळकपणे येते ती जमिनीच्या वारसात.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. त्यानंतर गावोगाव फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, सुरू झाली. ‘मग एकोणिसाव्या शतकाचं काय?’ असं म्हणून लोक ती सोडतात. १८६० च्या आसपास जन्मलेली बाई १९१५ मध्ये पंचावन्नची होती. तिच्या संसाराचा निकाल याच वहीत लागलेला असतो. म्हणून तिच्या नवऱ्याच्या आणि मुलांच्या नावावरचे सर्वांत जुने फेरफार आधी मिळवा. बऱ्याच तालुक्यांचे जुने अभिलेख आता ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत. बाकीच्यांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. अर्जात गाव, गट किंवा सर्व्हे नंबर आणि फेरफार क्रमांक लिहा. आजच्या सातबाऱ्यावर दिसणारे फेरफार क्रमांक धरून मागे मागे जायचं.

फेरफाराची भाषा साधारण अशी: ‘खातेदार मयत. पुत्रसंतान नाही. विधवा अमुक कोम अमुक हिचे नाव वारस दाखल.’ हे एक वाक्य किती सांगतं, ते पाहा. १९३७ च्या हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काच्या कायद्याआधी एकत्र कुटुंबातल्या विधवेला नवऱ्याचा हिस्सा मिळत नसे. तो भाऊबंदांकडे जाई आणि तिला अन्नवस्त्र मिळे. तेव्हा १९३७ पूर्वी विधवा स्वतःच्या नावाने खातेदार दिसली, तर सामान्यतः दोन गोष्टी धरता येतात: नवरा भावांपासून विभक्त होता, आणि त्याच्या मागे मुलगा नव्हता.

तिचं नाव ‘अ. पा. क. आई’ असं आलं असेल, तर अर्थ अगदी वेगळा. अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून ती आहे. त्या तारखेला नवरा वारलेला आणि मुलगा अज्ञान, म्हणजे मुलाच्या जन्माचा काळ आपोआप आवळला जातो. आणि ‘इतर हक्क’ रकान्यात पोटगी किंवा चोळीबांगडी म्हणून काही नमूद असेल, तर जमीन तिची नाही, तिच्या हयातीपुरता आधार लावून दिलेला आहे. चोळीबांगडीची जमीन माहेरहूनही दिलेली असते, म्हणून देणाऱ्याचं आडनाव नीट पाहा.

घराणं वतनदार किंवा इनामदार असेल तर आणखी मागे जाता येतं. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढे घराण्यांनी आपल्या कैफियती (लेखी निवेदनं) आणि वंशावळी दाखल केल्या. हे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. कोल्हापूर संस्थानासाठी कोल्हापूरचं, विदर्भासाठी नागपूरचं पुराभिलेखागार. मराठवाड्याचे कागद निजामाच्या अमलातले, उर्दू-फारसीचे. तिथे मोडीवाला पुरत नाही. इनाम पुढे चालू राहण्यासाठी विधवेने दत्तकाची मंजुरी मागितलेले अर्ज फार बोलके असतात, कारण त्यात नवऱ्याच्या मृत्यूची तारीख आणि भाऊबंदांची नावं येतात.

वतनाच्या कागदांत मुलगी नसणं म्हणजे मुलगीच नव्हती असं नाही. १८८६ च्या मुंबई कायद्याने शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा वगळता बाकी स्त्रियांना वारसाक्रमात सगळ्या पात्र पुरुषांच्या मागे ढकललं. मुलींची नावं लिहिण्याचं कारणच उरलं नाही.

सावधान, दत्तक: मुंबई इलाख्यात नवऱ्याची स्पष्ट परवानगी नसतानाही विधवेला दत्तक घेता येत असे, त्यामुळे हे प्रकार पुष्कळ. वंशावळीत दत्तक मुलगा औरस मुलासारखाच लिहिला जातो. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी अचानक उगवलेला मुलगा दिसला, तर त्याचं जनक घर, म्हणजे जन्मदात्यांचं घर, शोधा. बाईच्या बाळंतपणांत तो मोजू नका.

सावधान, पाट: बाई नवऱ्याच्या मृत्यूनंतर कागदांतून नाहीशी झाली म्हणजे ती वारलीच असं नव्हे. अनेक जातींत पाट किंवा म्होतूर, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लावण्याची रीत होती. १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपत असे, म्हणून तिचं नाव कमी होतं. पहिल्या नवऱ्याची मुलं त्याच भावकीत राहतात. तिचा पुढचा माग माहेरच्या गावात आणि आसपासच्या गावांत घ्यायचा.

## ७. दस्त आणि दावे

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत १८६० च्या दशकापासूनचे दस्त असू शकतात. बहुतेक लोक स्थावराचं पुस्तक क्रमांक १ तेवढं पाहतात. बाईसाठी पुस्तक क्रमांक ३ मागा: त्यात मृत्युपत्रं आणि दत्तक घेण्याचे अधिकारपत्र असतात. सूची क्रमांक १ व्यक्तींच्या नावाने, क्रमांक २ मिळकतीच्या नावाने. बाईचं नाव सूचीत न सापडल्यास नवऱ्याच्या मिळकतीवरून सूची २ मधून या.

जिल्हा न्यायालयात १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखालचे वारस दाखले आणि १८९० च्या पालक-पाल्य कायद्याखालचे अर्ज पाहा. दावे पुरुषाच्या नावाने शोधा. नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा प्रसिद्ध खटला १८८४ साली उभा राहिला तो नवऱ्याच्या, दादाजी भिकाजीच्या, नावाने. आणि त्यांचं नाव इंग्रजी निवाड्यांत ‘रुखमाबाई’ असंही लिहिलं गेलं. इंग्रजी कागदात एका नावाची चार-पाच रूपं धरून चला. रखमाबाईंची आई जयंतीबाई विधवा झाल्यावर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाहित झाली, म्हणजे मुलीचा बाप एक आणि घरातला वडील माणूस दुसरा. खटल्याच्या कागदांत अशी नाती स्पष्ट होतात, वंशावळीत ती एका रेघेत दडपली जातात.

## ८. जन्म-मृत्यू आणि धर्मसंस्थांच्या नोंदी

गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, बऱ्याच गावांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासूनची आहेत. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून जिल्हा प्रशासनांनी अशी पुष्कळ पुस्तकं स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळांवर टाकली आहेत. त्यांचा उपयोग कोणत्याही जातीच्या घराण्याला होतो. जन्माच्या नोंदीत बाळाचं आणि आईचं नाव बहुधा नसतं: बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख. म्हणून बापाच्या नावाने सलग पंधरा-वीस वर्षं उतरवा आणि मृत्यूच्या रकान्यात त्याच बापाची मुलं शोधा. न जगलेली बाळं फक्त इथेच भेटतात.

ख्रिस्ती घराण्यांसाठी चर्चचे बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांचे रजिस्टर. गोव्यात ते पोर्तुगीजमध्ये. मुसलमान घराण्यांसाठी काझींच्या दफ्तरातले निकाहनामे. त्यात बापाचं नाव आणि मेहेर (नवऱ्याने बायकोला द्यायची ठरलेली रक्कम) असतो.

जनगणनेवर वेळ घालवू नका. १८७२, १८८१ च्या गणनेचे आकडे छापील मिळतात, पण घरोघरच्या नावांच्या याद्या जपून ठेवलेल्या नाहीत.

## ९. जुळवणी

आता सगळ्या तारखा एका उभ्या रांगेत लावा, सर्वांत अलीकडची वर. वर पक्कं, खाली अंदाज, अशीच उतरण हवी.

पहिली कसोटी बाळंतपणांची. मुलांच्या जन्मवर्षांत दोन-तीन वर्षांचं अंतर नेहमीचं. मध्येच सात-आठ वर्षांची फट असेल तर तीन शक्यता: गेलेली बाळं, नवऱ्याचं परगावी राहणं, किंवा पहिली बायको जाऊन दुसरी येणं. तिसरी शक्यता आधी तपासा. धोंडो केशव कर्व्यांच्या घरात चिरंजीव रघुनाथ यांचा जन्म १८८२ चा, पहिल्या पत्नी राधाबाईंचा मृत्यू १८९१ चा, दुसरं लग्न १८९३ चं. तारखा नसत्या तर सगळी मुलं आनंदीबाईंच्याच नावावर चढली असती. दुसऱ्या बायकोला पहिलीचंच नाव ठेवलेलं असेल, तर नावावरून काहीच कळत नाही; फक्त तारखाच सांगतात.

दुसरी कसोटी वयाची. मुलीचं लग्न आठ ते बाराच्या दरम्यान, पहिलं मूल साधारण चौदा ते अठराच्या आत, हा त्या काळचा बऱ्याच घरांतला ठोकताळा. थोरल्या मुलाचा जन्म १८७८ चा असेल तर आईचा जन्म १८६० ते १८६४ च्या आसपास धरा, आणि माहेरच्या वह्या त्या काळापासून चाळा. हा अंदाज आहे, तो शिसपेन्सिलीनेच लिहा. घरात ‘प्लेगाच्या साली गेली’ अशी आठवण असेल तर मुंबईत साथ १८९६ ला आणि पुण्यात १८९७ ला भडकली, हे लक्षात ठेवून त्या दोन वर्षांपासून मृत्यूच्या नोंदी पाहा. पण साथ पुढेही वर्षानुवर्षं चालू होती, म्हणून तिथे न सापडल्यास शोध पुढे न्या.

तिसरी कसोटी माहेरची. ‘हेच माहेर’ असं म्हणायला दोन स्वतंत्र आधार हवेत. एक तुमच्या घरातला, एक त्यांच्या घरातला. नुसतं गाव आणि आडनाव जुळलं म्हणून माहेर ठरत नाही; एका गावात त्याच आडनावाची पाच घरं असतात. तिच्या भावाचं नाव दोन्हीकडे जुळलं तर बरंच काम झालं. दोन्ही घरांचं गोत्र एकच निघालं, तर ज्या समाजांत सगोत्र विवाह होत नसे तिथे जुळणी चुकली असं समजून पुन्हा मागे जा.

प्रत्येक नोंदीपुढे ती कुठल्या वहीतली, कुठल्या पानावरची, कुणी वाचली आणि कधी, हे लिहा. दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलत असतील तर दोन्ही ठेवा, आणि ज्याची नोंद घटनेच्या जवळच्या काळात झाली त्याला जास्त वजन द्या. मग तयार झालेलं पान माहेरच्या आजच्या वंशजांकडे पाठवा. त्यांच्या वंशावळीत तुमची पणजी ‘कन्या’ एवढ्याच शब्दात असण्याची शक्यता फार मोठी आहे. तुमच्याकडे तिचं नाव, सासर आणि मुलं आहेत, त्यांच्याकडे तिचे आईवडील.